पैलवानाचा खबऱ्या

मारायच्या आधी तो घड्याळ काढायचा. घाई अजिबात नसायची. डाव्या मनगटावरचा स्टीलचा पट्टा सोडवायचा, घड्याळ रुमालात गुंडाळायचा आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या हातात देऊन म्हणायचा, "धर जरा." ज्याच्या हातात ते पडे, त्याला पुढचं सगळं अगदी जवळून बघावं लागे. त्या काळात बोईसरमधल्या निम्म्या पुरुषांनी ते घड्याळ कधी ना कधी धरलं होतं. एकदा तर ज्याला मारायचं होतं त्याच्याच हातात त्याने ते दिलं, आणि त्या माणसाने ते मुकाट्याने धरलंही.

सगळे त्याला पैलवान म्हणत. कुस्ती तो आयुष्यात खेळला नव्हता. दातिवऱ्याचा, मच्छीमाराच्या घरातला. वल्ही मारून मारून खांदे रुंद झालेले, एवढंच. समुद्र सोडून तो तारापूरच्या कारखान्यात लागला, तिथे युनियनमध्ये गेला, आणि युनियनला भाषण करणारे पुष्कळ होते पण भाषणानंतर उभा राहणारा कोणी नव्हता, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. लोक त्याला नमस्कार करतात आणि तो वळणावरून दिसेनासा झाला की मोकळा श्वास घेतात.

मी तेव्हा स्टेशनसमोरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. मालक म्हणजे एक म्हातारे डॉक्टर. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आयुष्यभर पॅथॉलॉजी करून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय कंजूष. मी पालघरहून रोज शटल गाडीने जायची.

पैलवानाची माझी ओळख झाली ती एका रक्तबंबाळ माणसामुळे. दोघं-तिघं त्याला शेजारच्या दवाखान्यात घेऊन आले होते. डोकं फुटलेलं, कानातून रक्त येत होतं. रक्तगट काढायला नमुना माझ्याकडे आला, आणि नमुन्याच्या मागोमाग जिना चढून पैलवान आला.

"ताई, याला रगत लागंल काय?"

"लागेल असं म्हणतायत. तुम्ही याचे कोण?"

"कोण नाय. मीच मारला." त्याने शर्टाची बाही वर केली. "जरा जास्त लागला वाटते. माझं जुळलं तर घ्या."

जुळलं. पण सुई बघितल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. भिंतीकडे तोंड करून तो मला सांगत राहिला, "दाखवू नको. झालं की बोल." ज्याचं डोकं त्याने फोडलं होतं तो वाचला. पुढे पैलवान दिसला की तो रस्ता बदलायचा, आणि पैलवान लांबूनच हाक मारायचा, "अरे, माझं रगत हाय तुज्यात, कुठं पळतोस?"

गुंड होता, हे मी नाकारत नाही. एका कारखान्यात वायू गळत असताना एका फोरमनने शेडचं दार बाहेरून बंद ठेवलं होतं. आतले कामगार खिडकी फोडून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी पैलवानाने त्या फोरमनला भर रस्त्यात बुटाने मारलं, त्याचे पुढचे दात डांबरावर पडले. मी ते लॅबच्या खिडकीतून पाहिलं आणि मला वाईट वाटलं नाही. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने एसटीच्या एका कंडक्टरला तसंच मारलं. कारण एवढंच की त्याने 'पुढे सरका' असं दोनदा म्हटलं होतं. कंडक्टर उतारवयाचा होता. तेही मी पाहिलं.

त्याची बायको एकदा रक्त तपासायला आली. उंच, काळीसावळी, कोळणीसारखं घट्ट लुगडं नेसलेली. डोळ्याखाली निळं झालं होतं. माझी नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

"मारतो," ती म्हणाली. "मंग रडतो. दोन्ही मनाच, बायकोलाच बघायला लागते."

"तुम्ही सहन का करता वहिनी?"

"कोण बोलला सहन करते? मी उकळती पेज टाकली त्याच्यावर. हातावर डाग हाय, बघ कदी." आणि माझ्याकडे न बघता तिने दंड पुढे केला.

मग एका हिवाळ्यात पैलवान खोकायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी टीबी म्हणून औषधं सुरू केली. आमच्याकडे थुंकी तपासायला यायची. मी काचेवर काचा बघितल्या, जंतू काही दिसला नाही. तो वाळत चालला. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली. उघड्या अंगाने नळावर अंघोळ करणारा हा माणूस आता बनियन घालून अंघोळ करायला लागला. त्याची छाती सुजली होती, दोन्ही बाजूंनी, बाईमाणसाची सुजावी तशी, आणि शर्ट घासला तरी दुखायची. नळावर कोणीतरी त्यावरून काही बोललं. त्या माणसाला त्याने पत्र्याच्या बादलीने मारलं. बादलीचा तळ निघाला.

शेवटी बायकोने त्याला आमच्या डॉक्टरांसमोर आणून बसवलं. त्यांनी छातीचा एक्स-रे उजेडाला धरला. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल पांढऱ्या सावल्या होत्या, कोणी कापसाचे गोळे फेकून मारावेत तशा. मग ते त्याला पडद्याआड घेऊन गेले. तिथून पैलवानाचा आवाज आला, "ती लाथ लागलेली हाय, जुनी." वृषणात गाठ होती. मारामारीत लाथ बसली तेव्हापासूनची म्हणून त्याने ती वर्षभर कोणाला सांगितली नव्हती.

डॉक्टर बाहेर आले आणि हात धुता धुता मला म्हणाले, "याची लघवी घे. प्रेग्नन्सी टेस्ट लाव."

"कोणाची, सर?"

"याची."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण ते पुन्हा बोलणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून लावली.

ती टेस्ट तेव्हा काळ्या काचेवर करत. लघवीचा एक थेंब, त्यात अँटिबॉडीचा एक थेंब, आणि मग दुधासारख्या पांढऱ्या द्रवाचा एक थेंब. काच हातात धरून हळूहळू हलवायची. बाई गरोदर नसेल तर ते दूध फाटतं, बारीक दाणे दिसतात. गरोदर असेल तर तिच्या लघवीतलं हार्मोन ती अँटिबॉडी आधीच अडकवून ठेवतं, दुधाला धरायला कोणी उरत नाही, आणि दूध तसंच राहतं. पैलवानाचं दूध तसंच राहिलं. मी लघवीत पाणी घालून पातळ करून लावली. तसंच. आणखी पातळ केली. कुठल्याही गरोदर बाईची एवढी पातळ केल्यावर टेस्ट लागली नसती, दूध फाटलं असतं. याची लागली.

डॉक्टर खुर्चीत बसले, आणि मी त्यांना एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "हे हार्मोन म्हणजे एक प्रोटीन, ते वारेच्या पेशी बनवतात, बाळ पोटात असताना. जन्मानंतर तो कारखाना बंद. कॅन्सरच्या पेशी कधी कधी तो पुन्हा उघडतात, पुरुषातसुद्धा. त्यानेच छाती सुजली. म्हणजे गाठ कोणत्या जातीची आहे हे कळलं, आणि या जातीला आता औषध आहे. मुंबईला पाठव. आजच." मुंबईत रक्तावर हीच तपासणी जास्त बारकाईने झाली आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं.

पण त्याआधीच बातमी फुटली. आमच्या काउंटरवर बसणाऱ्या काकांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण चहाच्या टपरीवर गेला की त्याच्या तोंडाला झाकण राहत नसे. संध्याकाळपर्यंत बोईसरभर झालं. पैलवानाला दिवस गेले.

आता मुकादमाबद्दल सांगायला हवं. एका मोठ्या ठेकेदाराची माणसं तो सांभाळायचा, आणि युनियनचं आणि त्याचं जुनं वैर होतं. पैलवानाने त्याला दोनदा मारलं होतं. दुसऱ्या सकाळी पाळी बदलायच्या वेळेला मुकादम आपली दहा-बारा माणसं घेऊन कारखान्याच्या गेटवर आला. हातात ताट. ताटात हिरवा खण, हिरव्या बांगड्या, तांदूळ आणि नारळ. मागे एक जण डबा वाजवत होता. बाकीचे ओरडत होते, "पैलवान पेट से है." पैलवान मुंबईला न जाता रातपाळीला आला होता, तो गेटमधून बाहेर पडला तेव्हा मुकादमाने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "पदर पसर. ओटी भरतो."

तिथे असलेल्या कित्येकांनी मला हे सांगितलं, आणि सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी आहे. आजूबाजूला शंभरेक कामगार होते, आणि त्यातले त्याचे स्वतःचे लोकही हसले.

त्याने ताटातला नारळ उचलला आणि मुकादमाच्या तोंडावर मारला. मग त्याला केसांना धरून गेटपाशी ओढत नेलं, त्याचा उजवा हात लोखंडी गेटच्या फटीत घातला आणि खांदा लावून गेट ओढून घेतलं. दोन बोटं तिथेच तुटली. बाकीचे सळया घेऊन त्याच्यावर पडले. तो मार खात होता आणि देत होता, आणि मध्येच वाकला आणि खोकला. तोंडातून भळाभळा रक्त आलं. मारणारे थांबले. त्या रक्ताचं कारण त्यांच्या सळया नव्हत्या, हे त्यांनाही कळलं असावं. ते मागे सरले, मुकादमाला उचलून घेऊन गेले. तांदूळ आणि बांगड्यांचे तुकडे दिवसभर गेटसमोर पडून होते.

तिथून तो सरळ आमच्या लॅबवर आला. काकांनी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं आणि मागच्या जिन्याने जे गेले ते कायमचेच. डॉक्टर त्या दिवशी पालघरला होते. मी एकटी होते. त्याच्या शर्टाचा पुढचा भाग लाल झाला होता. काउंटरची काच त्याने मुठीने फोडली. खुर्ची भिंतीवर मारली. औषधांच्या बाटल्यांचं कपाट पाडलं. पायाखाली काचा करकरत होत्या आणि तो माझ्याकडे येत म्हणत होता, "काय हाय माझ्यात? सांग. काय हाय माझ्यात?"

मी घाबरले होते हे खरं. तरी माझ्या तोंडून निघालं ते असं, "ते टेबल फोडू नका. त्याच्यावर तुमची टेस्ट आहे. आधी बघा, मग फोडा."

तो थांबला. टेबलाला टेकला. मी त्याच्यासमोर काळी काच ठेवली, एका बाजूला साधं पाणी टाकलं, एका बाजूला त्याचा नमुना. थेंब टाकले, काच हलवली. पाण्याच्या बाजूचं दूध फाटलं. त्याचं राहिलं.

"ही पोराची टेस्ट नाही," मी सांगितलं. "ही एका प्रोटीनची टेस्ट आहे. ते बाळाच्या वारेतून येतं, तसंच तुम्हाला आहे तशा गाठीतूनही येतं. या बाटलीतल्या थेंबाला ते कुठून आलं हे माहीत नसतं. ते दिसलं की हा त्याला धरतो, एवढंच त्याला येतं."

"म्हंजे खबऱ्या."

"हो. तसंच समजा."

"गाठ कुठं लपलीय ते सांगतो."

"कुठे ते नाही सांगत. आहे की नाही, वाढली की कमी झाली, ते सांगतो."

ओठावरचं रक्त त्याने बाहीने पुसलं. "आणि माझं रगत काय करते? त्याला दिसत नाय?"

"ते प्रोटीन माणसाचंच आहे ना. तुमच्या रक्ताला ते घरचं वाटतं, म्हणून ते त्याच्या अंगावर जात नाही. हे बाटलीतलं सशाच्या रक्तातून काढतात. सशाला ते प्रोटीन टोचलं की त्याला परकं वाटतं, मग तो त्याच्याविरुद्ध हे तयार करतो."

"ससा?"

"ससा."

तो खाली मोडलेल्या खुर्चीच्या शेजारी जमिनीवर बसला आणि पहिल्यांदा हसला. खोकत खोकत हसला. "सशाला कळलं. मना नाय कळलं." जाताना दारात उभं राहून म्हणाला, "ताई, खबऱ्याला मी आजवर कदी सोडला नाय. हा पयला."

मुंबईत त्याचं ऑपरेशन झालं, आणि मग सलाइनमधून ते औषध सुरू झालं, ज्याने माणूस आतड्यापर्यंत ओकतो. दर खेपेला तो तिथे चार-पाच दिवस राहायचा आणि मग बोईसरच्या चाळीत येऊन पडायचा. पहिल्या खेपेला त्याने सलाइनचा स्टँड वॉर्डबॉयच्या पाठीत घातला. दुसऱ्या खेपेला त्याच्याने स्टँड उचलवलाच नाही. केस गेले, भुवया गेल्या. बायको त्याला पाठीवर हात ठेवून जिना चढवून लॅबवर आणायची, कारण मुंबईच्या तपासण्यांच्या मध्ये डॉक्टर माझ्याकडून काचेवरची टेस्ट करून घेत. किती पातळ केल्यावर लागते, त्यावरून अंदाज यायचा. तो स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, "काय बोलतो खबऱ्या?"

"कमी झालंय. मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ."

"नाव घेतो पण अजून."

"घेतोय."

त्याच दिवसांत मुकादमाची माणसं त्याच्या चाळीत आली. दुपारची वेळ, पुरुष कामावर. त्यांनी दार पाडलं, भांडी फेकली, आणि अंथरुणात पडलेल्या त्याला पाइपांनी मारायला लागले. मुकादम स्वतः दारात उभा होता, हाताला पांढरी पट्टी. बायको नळावरून धावत आली. मासे कापायचा कोयता तिच्या हाताला लागला आणि तिने समोर आला त्याच्या दंडावर घातला, हाडापर्यंत. दुसऱ्याच्या पाठीवर घातला. मग ते पळाले. पैलवानाच्या बरगड्या मोडल्या होत्या. पोलीस आले ते तिलाच घेऊन गेले, आणि शेजारच्या बायकांनी ठाण्यासमोर बसून तिला सोडवून आणलं.

मी बघायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"ताई," तो म्हणाला, "हात वर गेलाच नाय."

"अंगात ताकद नाही तुमच्या."

"पयला पाइप बसला तेव्हाच मारायला पायजे होता मी. मी बोललो हाताला, वर जा. गेलाच नाय." मग बायको बाहेर गेल्यावर, "ती मारत होती आणि मी बघत होतो. मना वाटलं, हिला मी मारतो ती अशीच पडून असंल. हात वर जात नसंल."

बायको आत आली, आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि त्याच्या तोंडाला पेजेची वाटी लावली.

पुढच्या खेपेनंतर एकदा मी काच हलवत होते. तो स्टुलावर वाकून बघत होता. दुधात दाणे उठायला लागले, आधी कडेला, मग सगळीकडे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "फाटला."

"फाटला."

"खबऱ्या गप."

"गप."

मुंबईच्या तपासणीतही काही उरलं नव्हतं. एक्स-रेमधले गोळे गेले. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. तो कामावर जायला लागला. त्याच सुमाराला युनियनच्या पोरांनी डोंगराकडून कोणाकडून तरी शिकारीचा ससा आणला आणि रस्सा करून त्याला आग्रहाने जेवायला बोलावलं. पातेल्यात काय आहे हे कळल्यावर त्याने ते पातेलं चुलीवरून लाथेने उडवलं आणि आणणाऱ्याला दोन ठेवून दिल्या. पोरांना काही कळेना. याच्या अंगात आलं की काय, असं ते एकमेकांना विचारत होते. मला हे कळलं तेव्हा मी खूप हसले. डॉक्टरांना सांगितलं तर तेही हसले, आणि ते कधी हसत नसत.

घरी मात्र तो आता हात उचलत नव्हता. हे मला त्याने सांगितलं नाही, तिने सांगितलं. "किती दिवस टिकते बघू," एवढंच ती म्हणाली.

बोईसरमध्ये सगळे वाट बघत होते ती दुसऱ्याच गोष्टीची. अंगात बळ आलं की तो मुकादमाला जिवंत ठेवणार नाही, हे सगळेच धरून चालले होते. मुकादम एकटा फिरत नसे. कमरेला सुरा असे.

वर्ष उलटलं असेल. तो नेहमीच्या तपासणीला आला. रंग चांगला, वजन वाढलेलं. समुद्रावर जाऊन भावाबरोबर जाळं ओढून आलो म्हणाला. मी थेंब टाकले आणि काच हलवायला लागले. मी काच हलवत राहिले, हलवायला हवी त्यापेक्षा जास्त वेळ हलवत राहिले.

"ठेव खाली," तो म्हणाला. "नाय फाटला."

"पुन्हा लावते."

पुन्हा लावली. तसंच.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. ऑपरेशननंतर मेंदूतलं एक हार्मोन वाढतं, ते अर्धं याच्यासारखंच असतं. ही अँटिबॉडी कधी कधी दोघांत गल्लत करते. मुंबईला रक्त पाठवू. तिथली नवी अँटिबॉडी फक्त याचाच तुकडा ओळखते."

"म्हंजे खबऱ्या चुकतो पण?"

"चुकतो."

"आमचे पण चुकायचे," पैलवान म्हणाला. "पण कळेपर्यंत तो माणूस मार खाऊन मोकळा झालेला असायचा." आणि तो उठून जिना उतरला.

बायकोने माझा हात धरला. "तो घरी नाय जात हाय. त्याच्या मागं चल."

आम्ही दोघी धावलो. तो एमआयडीसीच्या नाक्यावर गेला होता. टपरीवर मुकादम डाव्या हाताने चहा पीत बसला होता. त्याची माणसं उठायच्या आत पैलवानाने त्याला गळ्याला धरून बंद दुकानाच्या शटरवर आपटलं. एकदा, दोनदा. मग नाकावर एक ठोसा. हाड मोडल्याचा आवाज मी रस्त्याच्या पलीकडून ऐकला. शटर खडखडत राहिलं. सगळा नाका थांबला.

"मना परत दिवस गेले," पैलवान म्हणाला. ओरडून नाही, साध्या आवाजात. "ओटी कुठं हाय? आण."

कोणी हसलं नाही.

मुकादमाने कमरेचा सुरा काढला. पैलवानाने त्याचा गळा सोडला, एक पाऊल मागे आला आणि शर्टाची बटणं काढली. "इथं," तो म्हणाला. "नीट मार. मागच्या वेळेसारका पाइप नको." तो काय मागायला आला होता, ते तेव्हा मला समजलं. मुकादमालाही समजलं असावं. नाकातून रक्त ओठांवर, हनुवटीवर येत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तो पैलवानाच्या उघड्या छातीकडे बघत उभा राहिला.

"घरी जा," मुकादम म्हणाला.

"मार."

"तुज्यासाठी मी फासावर जाऊ? घरी जा, पैलवान."

त्याने सुरा परत कमरेला खोचला आणि माणसांना घेऊन निघून गेला. पैलवान रस्त्याच्या मधोमध उभा होता. एक ट्रक हॉर्न वाजवत होता. बायको पुढे गेली, त्याच्या शर्टाची बटणं एकेक करून लावली आणि दंडाला धरून त्याला कडेला आणलं. तो लहान मुलासारखा आला.

खबऱ्या चुकला नव्हता. मुंबईहून तसंच कळलं. पुन्हा औषधं झाली, आधीपेक्षा जहाल, पण या वेळी प्रोटीन उतरलं नाही, चढत गेलं. गाठी डोक्यात गेल्या. डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा एका रविवारी मी मुंबईला त्याला बघायला गेले.

वॉर्डच्या टोकाला त्याची खाट होती. दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधलेले. तो कोणाला ओळखत नव्हता. डोळे उघडे, दात आवळलेले, आणि सगळं अंग त्या पट्ट्यांना हिसके देत होतं. मनगटं सोलवटली होती. नर्सने सांगितलं की सकाळपासून त्याने तिघांना मारलंय, एकीच्या कानाला लागलंय. मी त्याला हाक मारली. त्याने माझ्या दिशेने थुंकायचा प्रयत्न केला.

बायको खाटेच्या कडेला बसली होती. नर्स पुढच्या खाटेकडे वळली तशी तिने त्याच्या उजव्या हाताची पट्टी सोडली. मी म्हणाले, "वहिनी, नको." तिने ऐकलं नाही. त्याच्या डोक्याखालची उशी तिने काढली, दोन्ही हातांनी आपल्या छातीसमोर धरली आणि त्याच्याकडे वाकली.

तो मारायला लागला. मूठ वळलेली होती, पण ठोसे वेडेवाकडे पडत होते, काही उशीवर, काही तिच्या कोपरावर. प्रत्येक ठोशाला ती जराशी मागे जायची आणि परत पुढे यायची. तोंडाने हळू आवाजात म्हणत होती, "हां. अजून. अजून."

मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "दमला की झोपतो."

मी खाटेच्या पायाशी उभी राहिले. ठोसे हलके होत गेले. शेवटी नुसती मूठ उशीवर येऊन टेकायची, थांबायची, पुन्हा उचलली जायची. ती उशी धरून बसली होती.